टोपीचा मुकुट

डॉक्टरांनी बंद केलेला जलभरा आईने त्या दुपारी खाल्लाच. त्या मिठाईच्या पोटातलं गुलाबपाणी हनुवटीवरून ओघळलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि हातातली सुरी खाली न ठेवताच म्हणाली, "असं बघू नकोस, झुनू. चंदननगरात राहून जलभरा खायचा नसेल तर माणसाने सरळ चुचुड्याला जाऊन राहावं."

"मी चुचुड्यालाच राहते, मा."

"म्हणून तर म्हटलं."

घरात ती झुनू होती, बाहेर श्रावस्ती घोषाल. लग्न होऊन पुढच्याच स्टेशनावर गेली होती आणि कोलकात्याच्या एका प्रकाशनात दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं तपासायचं काम करत होती. दर रविवारी ती आईकडे यायची, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत वेताचा मोडा ओढून बसायची आणि सोबत आणलेलं बाड वाचायची. आई काम करायची. दोघी तासन् तास अशा बसत, आणि बोलल्याच तर भांडत.

खोलीभर टोप्या होत्या, साहेबांच्या टोप्या. खाकी, पांढऱ्या, हिरव्या अस्तराच्या, फ्रेंचांच्या, इंग्रजांच्या. कुठल्या चहामळ्याच्या लिलावातून, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून, भंगारवाल्यांकडून सुरमा मालाकारने त्या जन्मभर जमवल्या होत्या. कोलकात्यात, ढाक्यात, पॅरिसमध्ये तिची प्रदर्शनं झाली, तिथेही टोप्याच. लोक विचारायचे, हा नाद कुठून लागला? ती म्हणायची, नाद कसला, घरचा माल आहे. आणि ते खरंच होतं. दलदलीत उगवणारं पांढरंशुभ्र भेंड, ज्याला तिकडे शोला म्हणतात, ते मालाकारांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सोललं जात होतं. तिचे वडील शरदात देवीचे मुकुट करायचे आणि उन्हाळा तोंडावर आला की साहेबांच्या टोप्या. सुरी तीच, भेंड तेच, चिंचोक्याची खळही तीच.

या वर्षी प्रदर्शन नव्हतं. बकुलघाट पाड्याच्या पूजा मंडळाने जगद्धात्री देवीचा साज तिला सांगितला होता. पाड्यात जन्मली, पाड्यात म्हातारी झाली, आणि हे आमंत्रण आत्ता आलं. पॅरिसचं पत्र आलं तेव्हा आईने ते फडताळात टाकलं होतं. मंडळाचे कुंडूबाबू सुपारी घेऊन आले त्या संध्याकाळी मात्र तिने नवी साडी नेसली होती.

साज करायची तिची रीत अशी. टोपीवरचं कापड उसवायचं. वाफेने खळ सैल करायची. मग आतले भेंडाचे पापुद्रे एकेक करून सोडवायचे, जसं कुणी झोपलेल्या पोरीच्या हातातून बांगड्या काढतं. इतकी वर्षं अंधारात राहिलेलं ते भेंड सायीसारखं पिवळसर झालेलं असायचं. त्यातून बाजूबंद, कंठा, कर्णफुलं, सिंहाची आयाळ. नवं भेंड एक काडीही नाही.

"हे वाच," म्हणून आईने मंडपाबाहेरच्या फलकाचा मजकूर तिच्या मांडीवर टाकला.

श्रावस्तीने वाचला. मथळा होता 'डाकेर साज'. देवीच्या या साजाला लागणारा चंदेरी वर्ख पूर्वी जर्मनीहून टपालाने, म्हणजे डाकेने यायचा, म्हणून त्याचं हे नाव. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, आणि इतकं माहीत की त्याचा विचार कुणीच करत नाही. पण बंगालीत डाक म्हणजे हाकही. आईने लिहिलं होतं : वर्ख टपालाने आला होता. हे भेंड आम्ही हाक मारून परत बोलावलं आहे.

"शब्दाचा खेळ जरा ओढूनताणून आहे," श्रावस्ती म्हणाली. "आणि 'जर्मनी'तला रफार चुकलाय."

"रफार दुरुस्त कर. खेळ माझा राहू दे."

मग आईने मुकुट दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला. शेंडा बसायचा होता, बाकी झाला होता. पाकळ्यांच्या ओळींवर ओळी चढत गेलेल्या, कडेला नखाएवढी फुलं.

"बघ. कसं झालंय?"

हा प्रश्न श्रावस्ती शाळेत जायच्या आधीपासून ऐकत होती. आणि काय खोड होती कोण जाणे, तिची नजर आधी चुकीवर जायची. मग तीच चूक तोंडून बाहेर पडायची, आणि बाकीचं, जे खरं सांगायचं असायचं, ते आत राहून जायचं.

"वरच्या ओळीतल्या पाकळ्या फार मोठ्या झाल्यात," ती म्हणाली. "डोईजड दिसतो."

आईने मुकुट फिरवून पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. "तुझ्या हातात पंचांग दिलं तर तू अमावस्येतही दुरुस्ती काढशील."

"विचारलंस म्हणून सांगितलं."

"विचारते, कारण एखाद्या दिवशी तुला काही सापडणार नाही." आई हसली. "जा, चहा टाक. आलं घाल, कंजूषपणा करू नकोस."

श्रावस्तीने चहा केला. दोघींनी कुरमुऱ्यांची मुडी खाल्ली. पाचच्या गाडीने ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईजवळ राहणाऱ्या नकुलमामाचा फोन आला. आई गच्चीकडे निघाली होती. जिन्यात मधेच बसली, म्हणाली, "नकुल, जरा दम खाते," आणि गेली.

*

लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी श्रावस्तीने चतुर्थीचं श्राद्ध केलं. मंत्र सांगताना भटजींनी तिचं गोत्र घोषालांचं उच्चारलं. त्या क्षणी तिला वाटलं, कुणीतरी आपलं नाव एका पुस्तकातून काढून दुसऱ्यात चिकटवलं आहे. तिने पिंडावर पाणी सोडलं. पाहुणे म्हणाले, मुलगी मोठी धीराची आहे हो.

दिवाळीच्या अमावस्येची कालीपूजा झाली, आणि बकुलघाटच्या मंडळाने तिला व मामाला क्लबच्या खोलीत बोलावलं. कॅरमच्या टेबलावर चादर अंथरून चहा ठेवला होता. अध्यक्ष कुंडूबाबू, म्हणजे प्रफुल्ल कुंडू, साड्यांचे व्यापारी, माणूस सज्जन. वाईट बोलायचं असलं की आधी बिस्किटं पुढे करत. त्यांनी बिस्किटं पुढे केली.

"दिदी गेल्या आणि पाडा पोरका झाला," ते म्हणाले. "त्या होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती. त्यांच्यापुढे बोलणार कोण? पण आता… तो व्हिडिओ पाहिलात ना? कुणीतरी दिदींच्या खोलीत घेतलेला. सगळ्या गावात फिरतोय. शेजारच्या हाटतला पाड्याचे लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, काय कुंडूबाबू, यंदा तुमची देवी सिंहावरून उतरून साहेबांच्या क्लबात जाणार म्हणे?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं.

"हसू नका रे. उष्टं ते उष्टं. साहेबांच्या घामाने भिजलेल्या टोप्या, आणि त्या देवीमायच्या डोक्यावर? माझी आई म्हणाली, त्या मुकुटाला मी हात जोडणार नाही." त्यांनी श्रावस्तीकडे पाहायचं टाळलं. "तर आम्ही असं ठरवतोय, की दिदींचं सामान मंडपाबाहेर काचेच्या कपाटात मांडू. मानाने. फोटोला हार घालू. आणि मायसाठी कृष्णनगरहून आपला नेहमीचा, शुद्ध, बापजाद्यांपासून चालत आलेला डाकेर साज आणू."

नकुलमामाने कप खाली ठेवला. तो बोलणारा माणूस नव्हता. जन्मभर त्याच्या वाट्याचं बोलणं बहिणीनेच बोलून टाकलं होतं.

श्रावस्ती बोलायला आली नव्हती. तिचं ठरलं होतं, जे म्हणतील ते ऐकायचं आणि सामान घरी न्यायचं. काचेच्या कपाटाचंही तिने ऐकून घेतलं. पण शेवटचा शब्द तिला टोचला, छापील पानावर चुकलेलं अक्षर टोचतं तसा.

"कुंडूबाबू," ती म्हणाली, "एक शब्द तपासायचा आहे."

"शब्द?"

"आत्ता काय म्हणालात, कुठला साज आणणार?"

"डाकेर साज."

"डाक कुठून यायची?"

कोपऱ्यातून मघाशी हसलेलाच म्हणाला, "जर्मनीहून ना?"

"जर्मनीहून. म्हणजे वर्ख ठोकणारा साहेब, पुडकं बांधणारा साहेब, जहाजाचा कप्तान साहेब. जेवून हात धुतले होते का त्यांनी? टपालाच्या थैलीत तो वर्ख कुणाकुणाच्या बुटांशेजारी पडून आला असेल? आपल्या पणज्यांनी काही विचारलं नाही. मायच्या अंगावर चढवला. एवढंच नाही, ज्या टपालाने आला त्या टपालाचं नाव साजाला देऊन टाकलं. आणि तो शुद्ध." तिचा आवाज चढला नव्हता. "हे भेंड मात्र आपल्याच दलदलीतलं, आपल्याच सुरीने सोललेलं. ते साहेबाच्या डोक्यावर जाऊन आलं म्हणून बाटलं?"

"अगं झुनू, पण वर्ख निदान कोरा होता," कुंडूबाबू कळवळून म्हणाले. "टोपी घातलेली आहे! वापरलेली वस्तू मायला कशी द्यायची?"

श्रावस्तीला आईची विलक्षण आठवण आली. आई असती तर काहीतरी फटकळ बोलली असती आणि सगळे हसले असते.

हसू आलं ते भलतीकडून. खिडकीपाशी भट्टाचार्यमोशाय बसले होते, पाड्याचे पुरोहित. वयाने इतके वाकले होते की चहा पिताना कपच वर येत नसे, तेच खाली जात. ते आता आपल्या चहाकडे बघत खुदुखुदु हसत होते.

"ठाकूरमोशाय, तुम्ही तरी सांगा हिला," कुंडूबाबू म्हणाले.

"काय सांगू? शिवठाकुरांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हट्ट धरला, मला पांढरा मुकुट हवा. तेव्हा हे भेंड पाण्यातून वर आलं, आणि ते सोलायला मालाकार जन्माला आला. ही गोष्ट तुला माहीत आहे की नाही?"

"आहे."

"मग पहिला मुकुट कुणी घातला?"

"शिवाने."

"म्हणजे भेंडाची जात ही मूळची देवाची. उष्टं झालंच असेल तर ते आधी देवाचं, आणि देवाच्या उष्ट्याला आपण काय म्हणतो?" म्हाताऱ्याने मान वर केली. "साहेब बिचारा दोनशे वर्षं प्रसाद डोक्यावर घेऊन उन्हात हिंडत होता, प्रफुल्ल. त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

खोली अशी हसली की बाहेरचे लोक दारात येऊन उभे राहिले. कुंडूबाबूंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला.

"बरं, ते राहू दे," ते डोळे पुसत म्हणाले. "पण मुकुटाला शेंडा नाही. आणि चढवणार कोण? मालाकाराच्याच हाताने चढवायचा अशी रीत आहे. नकुलदाला उंचीवर भोवळ येते. झुनूला कालाशौच, म्हणजे वर्षभराचं सुतक, आई जाऊन महिना नाही झाला."

"लग्न झालेली मुलगी," भट्टाचार्यमोशाय म्हणाले. "तीन दिवस. चतुर्थी केलीस ना गं?"

"केली."

"मग मोकळी आहेस. हात मालाकाराचा, पण शास्त्राने तू त्या घरची राहिलीच नाहीस."

चतुर्थीपासून तिला सलत असलेलं तेच वाक्य. ते आज कुणीतरी किल्लीसारखं हातात दिलं होतं.

"मी चढवते," श्रावस्ती म्हणाली.

*

खुंटीला एकच टोपी उरली होती. पांढरी, कापड अजून ताठ.

"ही शेवटी, असं दिदी म्हणायची," नकुलमामा म्हणाला. "बाबांच्या हातची. गाव फ्रेंचांकडून सुटलं त्या वर्षी एका साहेबाने सांगितलेली. न्यायला यायच्या आधीच साहेब बोटीत बसला. आतला पट्टा बघ."

श्रावस्तीने पाहिलं. चामड्याच्या पट्ट्यावर डाग नव्हता. ही टोपी कुणीच, कधीच घातली नव्हती. कुंडूबाबूंना हे सांगितलं असतं तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. तिने सांगितलं नाही. इतर टोप्यांचा त्यात अपमान झाला असता.

"सुरी धरतेस की लाल पेन्सिल देऊ?" मामाने विचारलं. बहीण गेल्यापासूनची त्याची ही पहिली थट्टा.

लहानपणी शिकलेला हात होता, इतक्या वर्षांनी अडखळत सुरू झाला. ती पापुद्रे सोडवायची, मामा आकार द्यायचा. पत्र्याच्या खोलीत चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास भरून राहिला. बोट कापलं की मामा म्हणायचा, "चल, आता मालाकाराची झालीस."

शेंडा बसला. आता मुकुट पुरा दिसत होता, आणि वरच्या पाकळ्या अजूनही मोठ्याच होत्या. श्रावस्तीने सुरी उचलली. कडेकडेने जरासं तासलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"दिदीने तसंच ठेवलंय," मामा म्हणाला.

"मोठ्या आहेत, मामा."

"असतील."

तिने सुरी फडक्यात गुंडाळली. लेखक हयात असेल तर भांडायचं, नसेल तर मजकुराला हात लावायचा नाही. एवढा नियम तिने नोकरीत कधी मोडला नव्हता.

*

पंचमीला दुपारी मुकुट निघाला तेव्हा पाड्यातल्या बायका दारात उभ्या होत्या. कुणी शंख वाजवला. मग एकीने जीभ हलवून उलू दिला, आणि तो दारादारातून गंगेच्या घाटापर्यंत धावत गेला. ढाकी मंडळींनी ढाक, ते मोठे ढोल, गळ्यात अडकवले. नकुलमामा मुकुटाची पाटी डोक्यावर घेऊन पुढे चालला होता, नव्या धोतरात, छाती काढून, जणू आयुष्यभर बोलायचं राहिलेलं सगळं तो आता चालण्यातून बोलत होता.

मंडपात देवी दोन माड्या उंच उभी होती. बाकीचा साज चढला होता. सिंहाची आयाळ, चार हातांतले बाजूबंद, मागची प्रभावळ, सगळं सायीच्या रंगाचं. कपाळाच्या वरचं मातीचं डोकं तेवढं उघडं होतं.

श्रावस्तीने पदर खोचला आणि बांबूच्या परांचीवर पाय ठेवला.

"सांभाळून गं!" खालून कुंडूबाबू ओरडले. "पडलीस तर दिदी वरून मला शिव्या देतील!"

"त्या आत्ताही देत असतील," कुणीतरी म्हणालं.

वर गेल्यावर आवाज खालीच राहिले. देवीचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता, डोळे लांब, कानापर्यंत गेलेले. दोरीने वर ओढलेला मुकुट तिने हातात घेतला. जड नव्हता. भेंड जड नसतंच. तिने तो बसवला, मागून तारा आवळल्या, गाठी मारल्या, हलवून पाहिला. पक्का होता. पण इतक्या जवळून वरच्या पाकळ्या तशाच दिसत होत्या, मोठ्या, पुढे झुकलेल्या. तिला वाईट वाटलं. आपण बरोबर होतो याचं इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

ती उतरली. परांची सोडली गेली. बांबू एकेक करून बाजूला झाले. पडदा ओढला आणि दिवे लागले. चंदननगरचे दिवे साऱ्या बंगालात नावाजलेले, त्यांचं काय सांगावं. बाहेर थांबलेली माणसं आत आली, आणि आल्या पावली थबकली. ढाक वाजायचे थांबले. ढाकीही वर बघत होते.

श्रावस्ती गर्दीत होती. कुणाच्या तरी खांद्याआडून तिने मान वर केली.

पाकळ्या मोठ्या नव्हत्या.

इथून, खालून, जिथे लोक उभे राहतात तिथून, वरची ओळ आणि खालची ओळ अगदी सारखी दिसत होती. एकीतून दुसरी उमलत गेल्यासारखी, थेट त्या शेंड्यापर्यंत. मान वर करून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना लांबच्या पाकळ्या लहान दिसणार, हे आईने आधीच धरलं होतं आणि तेवढ्याच त्या वाढवल्या होत्या. मुकुट देवीच्या डोक्यावर ठेवल्यासारखा वाटतच नव्हता, तिथून निघाल्यासारखा वाटत होता. श्रावस्तीने तो हातभर अंतरावरून पाहिला होता, खिडकीच्या उजेडात. आईने एका शब्दाने सांगितलं असतं. सांगितलं नाही. चहात आलं घाल म्हणाली.

हाटतल्याचे लोक आले होते. साहेबांच्या क्लबाची थट्टा करणारे तेच. त्यांच्यातल्या एकाने चपला काढल्या, मग बाकीच्यांनी काढल्या. कुंडूबाबूंची आई खुर्चीत बसवून आणली होती. म्हातारीने बराच वेळ वर पाहिलं आणि हात जोडले. मुलाला म्हणाली, "काय बघतोस बावळटासारखा? सुरमाला हे करायला सांगितलं कुणी होतं?"

"मी, मा," कुंडूबाबू म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

मग ढाक पुन्हा सुरू झाले, आणि असे वाजले की मंडपाचं कापड थरारलं. उलू उठला. बाहेर रांग घाटाच्या वळणापलीकडे गेली होती. फलकापाशी उभी राहून एक शाळकरी मुलगी मोठ्याने वाचत होती, "वर्ख टपालाने आला होता. हे भेंड आम्ही हाक मारून परत बोलावलं आहे." शब्द एकही ओढूनताणून वाटत नव्हता. खाली नाव होतं, सुरमा मालाकार.

नकुलमामा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला. त्याला बहिणीची सवय लागलेली, की आता दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून, कोण जाणे, पण त्याने मान वर करून तेच विचारलं.

"कसं झालंय गं?"

श्रावस्तीने पुन्हा एकदा, खालच्या ओळीपासून शेंड्यापर्यंत, सवयीप्रमाणे चूक शोधत पाहिलं. मग ती बोलली, मामाला नाही, आणि ढाकांवरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की पुढचे लोक वळून बघायला लागले.

"मा, सुंदर झालंय. एकही दुरुस्ती नाही."